पाठमोरी माणसे

“तेरा दिवसांची उपाशी माणसं, आणि दंड बघा केवढाले!”

हे वाक्य माझे नव्हे, माझ्या पत्नीचे आहे. काही वर्षांमागे मुलीकडे म्हणून आम्ही पॅरिसला गेलो होतो. तिथे जाणारा प्रत्येक जण लूव्रच्या संग्रहालयात जातो, तसे आम्हीही गेलो. मोनालिसापुढची झुंबड लांबूनच पाहिली, आणि जरा टेकावे म्हणून जवळच्या एका मोठ्या दालनात शिरलो, तो समोर तेओदोर जेरिकोचे ‘मेद्यूझचा तराफा’. तरुणपणी हे चित्र मी एका जुन्या पुस्तकात पाहिले होते. तळहाताएवढे आणि काळ्या शाईत. त्याची हकिकतही थोडीफार ठाऊक होती. ती मी मोठ्या उत्साहाने पत्नीला सांगू लागलो. जहाज फुटले, दीडशे माणसे एका तराफ्यावर तेरा दिवस समुद्रात भरकटली, पंधरा उरली, वगैरे. तिने शांतपणे ऐकून घेतले, चित्राकडे पाहिले आणि वरचे उद्गार काढले. तेही जरा मोठ्यानेच.

मी इकडेतिकडे पाहिले. एवढ्या मोठ्या चित्रापुढे माणसाने हळू बोलावे अशी माझी समजूत. पण माझी पत्नी तीस वर्षे परिचारिका होती. उपाशी शरीर कसे दिसते, कातडी हाडांवर कशी बसते, डोळे किती आत जातात, हे तिने रोज पाहिलेले, मी वाचलेले. तेव्हा तिच्या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते शोधता शोधता हा लेख झाला. दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायचा हा विषय नव्हे, याची मला जाणीव आहे. परंतु घर उजळलेले असताना अंधाराविषयी दोन शब्द बोलले, तर त्याने दिवे विझतात असे मला वाटत नाही.

आधी चित्र सांगतो. ते जवळजवळ पाच मीटर उंच आणि सात मीटरांहून अधिक रुंद आहे. आमच्या बिऱ्हाडाची कुठलीच भिंत त्याला पुरली नसती. ओबडधोबड लाकडांचा एक तराफा, त्याचा एक कोपरा थेट आपल्या पायाशी आलेला. डाव्या बाजूला एक म्हातारा, मांडीवर तरुण मुलाचे प्रेत घेऊन, हाताला डोके टेकून बसला आहे. उजवीकडे माणसांचा एक ढीग हळूहळू उठत, एकमेकांच्या अंगावरून चढत, वर वर गेलेला. अगदी शेंड्याला पिंपावर चढलेला एक आफ्रिकी माणूस फडके हलवीत आहे. आणि क्षितिजावर, नीट पाहिले तरच दिसेल असा, जहाजाचा एक ठिपका. शीड फुगले आहे खरे, पण वारा तराफ्याला त्या जहाजापासून दूर, डावीकडच्या प्रचंड लाटेकडे लोटतो आहे. या चित्रात आशा आहे ती अशी, वाऱ्याच्या उलट दिशेची.

आणखी एक गोष्ट छापील चित्रात माझ्या कधी ध्यानात आली नव्हती. धडपडणारी बहुतेक माणसे पाठमोरी आहेत. ती आपल्याकडे पाहत नाहीत. आपण ज्या दिशेला पाहतो त्याच दिशेला ती पाहतात. तोंड आपल्याकडे आहे ते त्या म्हाताऱ्याचे, आणि त्याला कुणाकडेच पाहायचे नाही.

हकिकत अशी. 1815 मध्ये नेपोलियनचा पाडाव झाला आणि फ्रान्सच्या गादीवर बुर्बाँ घराणे परत आले. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा सेनेगाल इंग्रजांनी फ्रान्सला परत द्यायचे ठरले. तो ताब्यात घ्यायला 1816 च्या जूनमध्ये जो छोटा काफिला निघाला, त्यातली मुख्य युद्धनौका म्हणजे ही ‘मेद्यूझ’. नवे गव्हर्नर, शिपाई, अधिकारी, त्यांची कुटुंबे मिळून सुमारे चारशे माणसे तिच्यावर होती. कप्तान शोमारे हा राजनिष्ठ उमराव. क्रांतीच्या काळात देश सोडून गेलेला आणि वीस वर्षांहून अधिक काळ जहाज न चालवलेला. त्याची पात्रता निष्ठेची होती, समुद्राची नव्हती. 2 जुलैला भर दुपारी, वादळ नाही अशा हवेत त्याने जहाज आजच्या मॉरितानियाच्या किनाऱ्यासमोरच्या आर्गँ नावाच्या वाळूच्या दांड्यावर चढवले. होड्या सगळ्यांना पुरेशा नव्हत्या. तेव्हा डोलकाठ्या आणि फळ्या बांधून सुमारे वीस मीटर लांब आणि सात मीटर रुंद असा एक तराफा केला, आणि त्यावर 147 माणसांना उतरवले. त्यांत स्त्री एकच. कंबरेइतक्या पाण्यात ती माणसे एकमेकांना खेटून उभी होती. होड्यांनी तराफा ओढत किनाऱ्याला न्यायचा असे ठरले होते. गव्हर्नर आणि कप्तान होड्यांत होते. थोड्या वेळाने दोर सुटले. सोडले गेले, असे म्हणणे अधिक खरे.

तेरा दिवसांनी, 17 जुलैला, ‘आर्ग्युस’ नावाच्या जहाजाला तो तराफा अवचित दिसला, तेव्हा त्यावर पंधरा माणसे जिवंत होती. त्यांतलीही पाच पुढे थोड्याच दिवसांत गेली. फुटलेल्या जहाजावर मागे राहिलेल्या सतरा जणांपैकी तिघे पन्नासहून अधिक दिवसांनी जिवंत सापडले. तेही जहाजावरचे पैसे आणायला माणसे गेली म्हणून. कप्तानाची लष्करी न्यायालयात चौकशी होऊन त्याला तीन वर्षांची कैद झाली.

जेरिको तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. तराफ्यावरून वाचलेले दोघे, शल्यवैद्य साव्हिन्यी आणि स्थापत्यविशारद कोरेआर, यांनी 1817 मध्ये आपली हकिकत पुस्तकरूपाने छापली होती. त्याने ती वाचली, त्या दोघांना गाठले, त्यांच्याकडून तपशील घेतले, त्यांनाच समोर बसवून चित्रेही काढली. तराफा बांधणाऱ्यांपैकी एक सुतार वाचला होता, त्याच्याकडून तराफ्याची लहान प्रतिकृती करून घेतली. रुग्णालयात जाऊन मरणाऱ्या माणसांचे चेहरे रेखाटले. इतकेच नव्हे, तर तुटलेले हातपाय आणि एक मस्तक आणून आपल्या खोलीत ठेवले आणि मांस काळे पडताना कसे दिसते याचा अभ्यास केला. ही तैलचित्रे आजही पाहायला मिळतात. मला ती फार वेळ पाहवली नाहीत.

म्हणजे माझ्या पत्नीला जे ठाऊक होते ते त्यालाही ठाऊक होते. उपासाने आणि उन्हाने माणसाचे काय होते हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते आणि साक्षीदारांकडून ऐकले होते. वाचलेल्यांची कातडी सोलवटून निघाली होती, दाढ्या वाढल्या होत्या. असे असून त्याने काढली ती पैलवानांची शरीरे! नुकताच तो इटलीत वर्षभर राहून आला होता आणि मायकेलअँजेलोच्या आकृत्या त्याच्या डोळ्यांत भरल्या होत्या, हे एक कारण सांगतात. ते खरे असेल. परंतु एवढ्याने माझे समाधान होत नाही. इतका कसून पुरावा गोळा करणारा माणूस नेमक्या याच जागी पुरावा बाजूला सारतो, तो केवळ सवयीने असे मला वाटत नाही.

मला असे वाटते की त्याला आपली भीती होती. तुमची आमची. खरी खंगलेली, फोडांनी भरलेली शरीरे त्याने पाच मीटर उंच काढली असती, तर आपण त्यांच्यापुढे किती वेळ उभे राहिलो असतो? आपण हळहळलो असतो आणि मान वळवून पुढच्या चित्राकडे गेलो असतो. दुःखाकडे पाहत राहावे म्हणून त्याने दुःखाला देखणे केले. हा त्याचा डाव म्हणा, दया म्हणा.

पण हे उत्तर मी पत्नीला हॉटेलच्या जेवणावर सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे दया आली ती त्या पाठीची. त्या माणसाची नव्हेच.”

तिथे मी अडलो, आणि अजून पूर्णपणे सुटलेलो नाही.

कारण देखण्या दुःखाचा बाजार भरायला वेळ लागत नाही. हे चित्र 1819 च्या पॅरिसच्या सरकारी प्रदर्शनात लागले, ते ‘नौकाभंगाचे एक दृश्य’ अशा साळसूद नावाने. जहाजाचे नाव घेतले नाही तरी ते सगळ्यांना ठाऊक होते. सरकारच्या विरोधकांनी वाहवा केली, राजनिष्ठांनी नाके मुरडली. चित्रात सगळ्यांनी आपापले राजकारण पाहिले. चित्रकाराला सुवर्णपदक मिळाले, पण चित्र कुणी विकत घेतले नाही. मग 1820 मध्ये ते लंडनला गेले आणि पिकॅडिलीतल्या ‘इजिप्शियन हॉल’ नावाच्या करमणुकीच्या वास्तूत तिकीट लावून दाखवले गेले. सुमारे चाळीस हजार माणसांनी ते पाहिले, आणि उत्पन्नातला वाटा चित्रकाराला मिळाला. पुढच्या वर्षी ते डब्लिनला नेले, तर तिथे त्याच वेळी त्याच नौकाभंगाचा सरकता चित्रपट वाद्यांच्या साथीने दाखवणारी दुसरी मंडळी आलेली! लोक तिकडे गेले. समोर चित्र हलते आहे, बाजा वाजतो आहे, तर न हलणारे चित्र कोण पाहील?

डब्लिनकरांना हसण्याआधी मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती मी आजवर कुठे लिहिलेली नाही.

12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यात पाणी शिरले. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. आमचे घर नदीपासून थोडे वर, चढावर होते; पाणी आमच्या पायऱ्यांशी येऊन थांबले. पूर आला की पूर बघायला जायचे, हा आपल्याकडचा जुना रिवाज. पुलावर गर्दी करायची, पाणी कितव्या खुणेला लागले ते सांगायचे. त्या दिवशी मात्र पूरच आम्हाला बघायला आला. मी आणि माझा चुलतभाऊ गच्चीच्या कठड्याला लोंबकळून वाहून जाणाऱ्या वस्तू मोजत होतो. हंडे माझे, कपाटे त्याची. पाळणा आला तर दोन गुण. मला आजही आठवते, आणि आठवले की कसेसेच होते, की त्या दुपारी मी फार आनंदात होतो. तसा रंगीत, भरगच्च तमाशा मी जन्मात पाहिला नव्हता. मग एक गाठोडे आले. ते कुणाच्या खात्यात धरायचे यावर आमचे भांडण चालले असताना आजीने मागून येऊन आम्हा दोघांची तोंडे धरून आपल्या लुगड्यात दाबली. मला तिच्या लुगड्याच्या चुण्या दिसत होत्या आणि तिच्या छातीचे ठोके ऐकू येत होते. ते गाठोडे नव्हते, हे मला तेव्हाच कळले.

आजीने आमची तोंडे फिरवली. स्वतःचे फिरवले नाही. मान वर करून पाहिले तेव्हा ती हात जोडून पाण्याकडे पाहत होती, आणि ते दिसेनासे होईपर्यंत पाहत राहिली.

त्या गच्चीवर एकच पूर पाहणारे आम्ही तिघे होतो. पण आमचे पाहणे एक नव्हते. नुसत्या डोळ्यांनी तो फरक दाखवता येत नाही. जेरिकोच्या चित्रापुढे रोज हजारो माणसे उभी राहतात. त्यांत कठड्यावरचे किती आणि हात जोडून उभे राहणारे किती, हे सांगायची काही सोय नाही. त्या दिवशी मी स्वतः कोणत्या रांगेत होतो, तेही मला खात्रीने सांगता येत नाही. एवढे खरे की हकिकत सांगताना मला उत्साह चढला होता.

परत आल्यावर मी साव्हिन्यी आणि कोरेआर यांचे पुस्तक इंग्रजीतून मिळवून वाचले. तोवर मला वाटत होते की हे चित्र निरपराध्यांचे आहे. वरचे दुष्ट, खालचे बिचारे. होडीतले पापी, तराफ्यावरचे पुण्यवान. असे असते तर किती सोपे झाले असते! पण त्या तेरा दिवसांत काय काय झाले ते त्या दोघांनीच लिहून ठेवले आहे. दारूची पिंपे होती, अन्न जवळजवळ नव्हते. दुसऱ्या रात्री शिपायांनी बंड केले. अंधारात कुऱ्हाडी आणि तरवारी चालल्या, आणि उजाडले तेव्हा साठ-एक माणसे कमी झाली होती. त्यानंतर जिवंतांनी मृतांच्या मांसावर दिवस काढले. लिहिणारांनी ते लपवलेले नाही. मी त्यावर अधिक लिहीत नाही. जेरिकोने या प्रसंगाचे एक रेखाटन केले होते. बंडाचेही केले होते. शेवटी ती सारी त्याने बाजूला ठेवली आणि जहाजाचा ठिपका दिसल्याचा क्षण निवडला.

पण मला थांबवले ते दुसऱ्याच गोष्टीने. सत्तावीस माणसे उरली होती. त्यांतली जेमतेम पंधरा जगतील अशी. बाकीची जखमी, भ्रमिष्ट, आज-उद्याची सोबती. दारू थोडी राहिली होती. या मरणाऱ्यांना अर्धा वाटा दिला तरी ती संपेल आणि मग कुणीच उरणार नाही, असा हिशेब मांडला गेला. सल्लामसलत झाली. आणि त्या दुबळ्यांना समुद्रात टाकायचे ठरले. तीन खलाशी आणि एक शिपाई यांनी ते काम अंगावर घेतले. बाकीच्यांनी तोंडे फिरवली.

त्या टाकलेल्यांत ती एकुलती एक स्त्री होती. फ्रेंच फौजांबरोबर शिपायांना खाणेपिणे विकत वीस वर्षे लढायांमागून हिंडलेली. आपल्या बखरींत ज्यांना बुणगे म्हणतात त्यांच्यापैकी. अशा माणसांची मोजदाद कुठलाही इतिहास करीत नाही. बंडाच्या धुमश्चक्रीत ती आणि तिचा नवरा समुद्रात फेकले गेले होते, तेव्हा याच मंडळींनी जीव धोक्यात घालून त्या दोघांना पाण्याबाहेर काढले होते. पुढे तराफ्याच्या लाकडांत सापडून तिची मांडी मोडली. म्हणून तिचे नाव जगणारांच्या यादीत बसले नाही. ज्यांनी तिला पाण्यातून काढले, त्यांनीच तिला पाण्यात घातले.

हे झाल्यावर त्या पंधरा जणांनी सगळी हत्यारे समुद्रात फेकून दिली. एक तरवार तेवढी दोर कापायला ठेवली. आणि पुढच्या दिवसांत कधीतरी एक पांढरे फुलपाखरू उडत आले. जमीन जवळ असल्याची ती खूण होती. काहींना ते खावेसे वाटले. बाकीच्यांनी त्यांना अडवले, हा देवाचा दूत आहे म्हणून. मोडक्या मांडीच्या बाईला जागा नव्हती त्याच तराफ्यावर फुलपाखराला जीवदान मिळाले. या माणसांना काय म्हणावे, तुम्हीच सांगा. क्रूर म्हणावे तर फुलपाखरू आडवे येते. आणि दयाळू कसे म्हणणार?

चित्रात डोलकाठीजवळ दोन माणसे आहेत. एक हात लांब करून दुसऱ्याला क्षितिजावरचे जहाज दाखवतो आहे. हात करणारा कोरेआर, त्याच्या शेजारचा साव्हिन्यी. ज्यांनी हिशेब केला, ज्यांनी तोंडे फिरवली, त्यांच्यापैकी ही दोघे. ती चित्रात आहेत. आणि त्या पाच मीटर उंच चित्रात स्त्री एकही नाही.

मग मी कुणासाठी हळहळलो?

दुःखाच्या दर्शनाने आनंद कसा होतो, हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. भरताने करुणाला रसांत बसवले. भट्टनायकाने सांगितले की नाट्यात शोक हा कुणा एकाचा राहत नाही, त्याचे साधारणीकरण होते. आपल्या मराठीत न. चिं. केळकरांनी ‘सविकल्प समाधी’ची उपपत्ती मांडली. परक्याच्या भूमिकेत शिरायचे आणि आपले भानही सुटू द्यायचे नाही, यात वाचकाचा आनंद आहे, असे काहीसे त्यांचे म्हणणे. कॉलेजात असताना या वादांवर आम्ही चहाचे किती कप रिकामे केले असतील याला गणती नाही. पण आता वाटते, त्या सगळ्या चर्चेत आम्ही एक प्रश्न विचारलाच नाही. शोक कुणाचा राहत नाही हे ठीक. पण तो आधी ज्याचा होता त्याला विचारले कोणी? तो सर्वांचा करायचा अधिकार चित्रकाराला कुणी दिला? कोरेआरने तो दिला म्हणता येईल, कारण तो जिवंत होता, समोर बसून चित्र काढून घेत होता. पुढे त्याने पॅरिसमध्ये पुस्तकांचे दुकान काढले, त्याचे नावसुद्धा ‘मेद्यूझ’च्या नौकाभंगावरून ठेवले. त्या बाईने कुणालाच काही दिलेले नाही.

याच विचारात असताना एके दिवशी मला भवभूती आठवला, आणि थोडा दिलासा मिळाला. करुणाचा एवढा मोठा कवी आपल्याकडे दुसरा नाही. पण ‘उत्तररामचरित’ात आपण रडतो ते कुणासाठी? रामासाठी. ज्याने गर्भवती सीतेला अरण्यात सोडले त्याच्यासाठी! त्यानेही एक हिशेब केला होता. एका बाजूला राज्य आणि प्रजा, दुसऱ्या बाजूला एक स्त्री. आणि बारा वर्षांनी तो पंचवटीत येऊन ऊर फुटेपर्यंत रडतो. हजार-बाराशे वर्षे आपण त्याच्याबरोबर रडत आलो. तेव्हा ज्याचे हात निर्मळ आहेत त्याचीच कीव करायची असे आपण ठरवले असते, तर आपल्या वाट्याला हे नाटकही आले नसते.

मात्र भवभूतीने एक गोष्ट केली आहे. त्या तिसऱ्या अंकात सीता तिथे आहे. रामाला ती दिसत नाही, पण आपल्याला दिसते. तो रडतो ते ती पाहते, तो मूर्च्छित पडतो तेव्हा तीच त्याला स्पर्श करून सावध करते. आणि वनदेवता वासंती रामाला खडसावून विचारते ते सीतेच्या देखत. टाकणाऱ्याचे दुःख कवी दाखवतो, पण टाकलेलीच्या डोळ्यांपुढे दाखवतो. तिला रंगमंचाबाहेर ठेवीत नाही. जेरिकोच्या तराफ्यावर अशी छायासीता नाही. ती असती तर ते चित्र कसे दिसले असते याचा मी पुष्कळ विचार केला. मला ते डोळ्यांपुढे आणता येत नाही.

यावरून जेरिकोला कोड्यात धरावे असे मात्र माझ्या मनात नाही. तोही त्या तराफ्यावरच होता म्हणा ना. सख्ख्या मामाच्या तरुण पत्नीशी त्याचा संबंध जडला होता. 1818 च्या ऑगस्टमध्ये तिला मूल झाले, ते घरच्यांनी दूर केले, आणि ते प्रकरण दडपले गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याने डोक्याचे मुंडण केले, एका मदतनीसाला घेऊन चित्रशाळेचे दार लावून घेतले, आणि महिनोन्‌महिने या चित्रावर काम केले. हे प्रायश्चित्त होते की आणखी काही, हे कुणाला सांगता यायचे नाही. पण माणसे टाकून देऊन जगावे लागते म्हणजे काय, हे कळायला त्याला समुद्रावर जायची गरज नव्हती. 1824 मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तो वारला. त्यानंतरच हे चित्र लूव्रमध्ये गेले. गडदपणासाठी त्याने डांबराच्या जातीचे एक द्रव्य रंगांत वापरले होते. ते काळाबरोबर काळवंडत जाते. दोनशे वर्षांत चित्रातल्या सावल्या चित्रकाराने घातल्या होत्या त्याहून दाट झाल्या आहेत.

आणि त्या दोघांनाही एक श्रेय दिले पाहिजे. तराफ्यावर काय झाले ते सांगायला परके कुणीच नव्हते. त्यांनी गप्प बसायचे ठरवले असते, तर ती बाई होती हेही जगाला कळले नसते. सत्य बाहेर आल्याने सरकारची नाचक्की झाली, आणि दोघेही आपल्या नोकरीला मुकले. तरी त्यांनी दारूच्या हिशेबासकट सगळे लिहिले. आम्ही तोंडे फिरवली, हेही त्यांनीच लिहिले. फिरवलेले तोंड परत वळवायला त्यांना वर्ष लागले असेल, पण त्यांनी ते वळवले.

गेल्या दिवाळीच्या आधी, फराळाचे चालले असताना, मी ही बाईची हकिकत पत्नीला सांगितली. ती करंज्यांना मुरड घालीत होती. मी भवभूती सांगितला, छायासीता सांगितली, माझे सगळे तत्त्वज्ञान सांगितले. ती ऐकत होती, पण तिचे लक्ष दुसरीकडेच होते.

“मांडी मोडली होती ना तिची?” तिने मध्येच विचारले.

“हो. लाकडांत अडकून.”

“मांडीचं हाड मोडलेलं माणूस एकट्यादुकट्याला उचलता येत नाही हो. चौघं लागतात. दोघांनी खांद्याशी, एकानं कमरेशी, आणि एकानं नुसता तो पाय धरायचा. जरा हलला की माणूस किंचाळतं.” तिने एक करंजी पुरी केली, ताटात ठेवली, आणि दुसरी घेतली नाही. “टाकायला किती जण होते म्हणालात?”

“चार,” मी म्हणालो. “तीन खलाशी आणि एक शिपाई.”

ती थोडा वेळ हातातल्या पिठाकडे पाहत राहिली.

“पाय कुणी धरला असेल?” ती म्हणाली.